दोन पाटल्या, तीन सुना

आईच्या हातात दोन पाटल्या होत्या. दोन्ही मिळून पाच तोळ्यांच्या. आप्पांनी विहिरीला पाणी लागलं त्या साली करून दिल्या होत्या. दुष्काळात दागिना मोडायची पाळी दोनदा आली, तरी त्या हातातच राहिल्या. शेणाच्या गोवऱ्या थापताना ती त्या कोपरापर्यंत वर सारायची. एवढंच काय ते त्यांचं कौतुक.

१९९८ च्या फेब्रुवारीत एका सकाळी आई न्याहारीला बसलेल्या आम्हा तिघा भावांसमोर आली. पाटल्या काढून तिनं परातीत ठेवल्या आणि म्हणाली, "ह्या मोडा."

थोरले दादा म्हणाले, "काय नड पडली?"

"दोन पाटल्या हायेत आन तीन सुना. वाटायच्या कशा? मोडा आन मला बद्रीला न्या. मला एकलीला न्हाय. समद्यांना. वाटनी त्याच्या मागनं करा."

वाटणीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमची जमीन पारनेर तालुक्यातली, चौदा एकर. त्यातली निम्मी माळाची. ज्वारी, बाजरी, मटकी, पाऊस झाला तर कांदा. एक विहीर, आणि विहिरीलगत दोन एकर काळं रान. आप्पा १९९१ साली गेले. त्यानंतर सहा-सात वर्षं एकत्र रेटली. मग घरं भरली, पोरं वाढली, चुली आतल्या आत तीन झाल्या. वाटणी ठरली. तिन्ही वाटे सारखे, त्याला कोणाची ना नव्हती. भांडण होतं ते विहिरीजवळच्या दोन एकरांचं. मी म्हणत होतो, पाइपलाइन मी खांद्यावर वाहिली, चर मी खोदले, ते रान मला हवं. दादा म्हणायचे, थोरल्याचा मान आहे. धाकटा बापू दोघांकडं बघून गप्प बसायचा. दिवाळीत मी दादांना एक शब्द बोललो. तो इथं लिहीत नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. एका घरात, एका गोठ्यात. काही सांगायचं झालं तर पोरांच्या हाती. "तुझ्या चुलत्याला सांग, पाळी त्यांची हाय," असं. पाच पावलांवर चुलता उभा असायचा.

आईनं पाटल्या परातीत ठेवल्यावर आम्ही तिघंही खाली बघत राहिलो. शेवटी दादांनीच त्या उचलल्या. सोनं तेव्हा तोळ्याला चार हजारांच्या आसपास होतं. नगरच्या सोनारानं घट धरून जे दिलं त्यात सगळ्यांचं जाणं-येणं भागलं नसतं. उरलेले पैसे तिघांनी सारखे घातले. तेवढ्याचा हिशेबही तिघांच्या वेगवेगळ्या वह्यांत होता, म्हणजे बघा.

जायची माणसं सतरा. आई, आमची आत्या, आम्ही तिघं, तिघांच्या बायका आणि नऊ पोरं. आत्या म्हणजे आप्पांची पाठची बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून आमच्यातच. दादांचा थोरला मुलगा गोरख म्हशी सांभाळायला मागं राहिला. वय वर्षं वीस. तो तेव्हा काही बोलला नाही. नंतर मात्र आजपर्यंत बोलतोय.

मी दहावीपर्यंत शिकलेलो, म्हणून तिकिटाचं काम माझ्याकडं. नगरच्या स्टेशनवर रांगेत उभा राहून झेलम एक्स्प्रेसची तिकिटं काढली. सतरातली अकरा पक्की झाली, बाकीची अडकून राहिली. खिडकीवरच्या माणसानं फॉर्मवरची नावं मोजली आणि चष्म्यावरून विचारलं, "वऱ्हाड आहे का?"

पंधरा दिवस घरात शिध्याची तयारी चालली. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, बेसनाचे लाडू, भडंग. भाकरी टिकत नाही म्हणून बाजरीचं पीठ वेगळं, आणि ते थापायला काटवट. काटवट नेऊ नका म्हणून मी खूप सांगितलं. माझ्या थोरल्या वहिनीनं ती गोधडीत गुंडाळून आणलीच. आईनं कापूर घेतला, कारण कुणीतरी सांगितलं होतं की वर दम लागतो, तेव्हा कापूर हुंगायचा. आणि आपल्या विहिरीच्या पाण्याची एक बाटली घेतली. दूध डेअरीच्या टेम्पोत बसून आम्ही रविवारी, १० मेला संध्याकाळी नगरला आलो.

आईनं रेल्वे पाहिली होती ती विसापूरला, लांबून. गाडी आली तसं तिनं पायरीला हात लावून तो कपाळाला लावला. मागून लोक ढकलतायत, पोरं रडतायत, काटवट कुणाच्यातरी गुडघ्याला लागली म्हणून तो बोंबलतोय, आणि ही आपली पाया पडतेय. दादांनी तिला उचलूनच आत ठेवली.

अकरा बाकांवर सतरा माणसं बसवायची म्हणजे उसाच्या मोळ्या रचण्यासारखं. वरच्या बाकांवर दोन-दोन पोरं उलट-सुलट. खाली बायका. मी आणि दादा दाराजवळ, वर्तमानपत्र अंथरून, एकमेकांना पाठ लावून. बोलणं नव्हतं, पण पाठ टेकायला दुसरं काही नव्हतं. मनमाड गेलं, भुसावळ गेलं. दादांचं डोकं झोपेत माझ्या खांद्यावर आलं. मी हललो नाही. हललो असतो तर त्यांना जाग आली असती आणि दोघांनाही अवघड झालं असतं.

सकाळी इटारसी सुटल्यावर आत्यानं सगळा डबा उठवला. "उठा गं, नर्मदामाय आली!" होशंगाबादचा पूल. पोरांनी खिडकीतून चाराणे-आठाणे टाकले. माझ्या मधल्या पोराचं नाणं लोखंडी कमानीला लागून डब्यात परत आलं, ते त्यानं खिशात घातलं आणि भोपाळला त्याचं चॉकलेट घेतलं. मग दिवसभर मध्य प्रदेश. माणूस दिसेना असं सपाट काळं रान. दादा खिडकीतून बघत होते. कुणाला उद्देशून नाही, असं म्हणाले, "केवढं रान हाय. हितं भांडान व्हतं का न्हाय कोनाला ठावं." बापू हसला. मीही हसलो, पण तोंड फिरवून.

ग्वाल्हेरच्या पुढं चंबळची खोरी लागली. मातीचे सुळके आणि घळी, नजर पोचेल तिथवर. पोरं डाकू शोधत होती. मला मात्र धूप दिसत होती. पाण्यानं माती खाल्ली की रानाचं काय होतं ते आमच्या माळावर मी छोट्या मापात पाहिलं होतं. ताल एकदा फुटली आणि वेळेवर घातली नाही, की दोन पावसाळ्यांत ओघळ पडते. इथं शेकडो वर्षांत कुणी ताल घातली नव्हती.

रात्री दिल्लीत उतरलो आणि रात्रीच्याच बसनं हरिद्वारला निघालो. दिल्ली काय ती आम्ही दिव्यांची पाहिली. सकाळी हरिद्वारला वर्तमानपत्रांच्या दुकानापुढं ही गर्दी. पोखरणला अणुस्फोट केल्याची बातमी. मी मोठ्यानं वाचून दाखवली. आई म्हणाली, "जमिनीत केला? मंग तिथल्या हिरींचं काय झालं?" ह्याचं उत्तर त्या पेपरात नव्हतं.

हर की पौडीला आंघोळी झाल्या. त्या पाण्याला ओढ अशी की साखळी धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. आमच्याकडं मे महिन्यात बादलीभर पाण्याला दोन बाया भांडतात, आणि इथं ते असं धावत चाललेलं. माझी बायको पायरीवर बसून नुसती बघत राहिली. म्हणाली, "अहो, हे रात्रीचंबी असंच जात असल का?"

एका बसवाल्याशी घासाघीस करून छोटी बस ठरवली. ड्रायव्हर तिकडचाच, गढवाली. त्याला आम्ही भाईसाब म्हणायचो, तो आईला माताजी म्हणायचा. त्या मुलखाचं वेगळं राज्य पुढं २००० साली झालं. तेव्हा तो उत्तर प्रदेशातच होता. १३ तारखेला पहाटे निघालो. ऋषिकेशपासून बद्रीनाथ तीनशे किलोमीटरच्या घरात. मी मनात हिशेब केला, नगरहून एवढ्या अंतराला आपली एसटी सात-आठ तासांत नेते. ड्रायव्हर म्हणाला, दोन दिवस. रात्री त्या रस्त्यावर गाड्या चालवू देत नाहीत.

ऋषिकेश सोडलं आणि डोंगर अंगावर आला. आमच्या नगर जिल्ह्यात कळसूबाई आहे, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, म्हणून आम्हाला डोंगराचा थोडा गर्व होता. पहिल्या तासात तो उतरला. रस्ता म्हणजे डोंगराच्या पोटाला घासून काढलेली रेघ. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला शेकडो फूट खाली गंगा. समोरून ट्रक आला की आमची बस मागं सरकायची आणि मागचं चाक कुठं आहे ते फक्त क्लीनरला माहीत. वहिनींना ओकाऱ्या सुरू झाल्या. पोरं आधी ओरडली, मग गप्प झाली.

आणि दादा घाबरले.

हे लिहू की नको, मी बरेच दिवस ठरवत होतो. पण दादांनीच सांगितलं, लिही. आमचे दादा म्हणजे दहा परस खोल विहिरीत सोलावर उतरून मोटारीचा फुटबॉल काढणारा माणूस. मारका बैल शिंगाला धरून बसवणारा. त्यांनी उपरण्यानं डोळे बांधून घेतले. खिडकीकडं मी होतो, ते माझ्या शेजारी. बसायची ही सोय बायकांनी केली होती, का ते मला तेव्हा कळलं नाही. एका वळणावर बसचं तोंड सरळ आभाळात गेलं आणि दादांनी माझं मनगट धरलं. देवप्रयाग येईपर्यंत सोडलं नाही. मनगटावर बोटांचे वळ उठले होते. आम्ही बोललो मात्र काही नाही.

देवप्रयागला ड्रायव्हरनं बस थांबवून वरून संगम दाखवला. इकडून भागीरथी, तिकडून अलकनंदा, दोघींचं पाणी दोन रंगांचं. थोडं अंतर ती दोन्ही पाणी शेजारी-शेजारी चालतात आणि मग एकात एक जातात. तिथून पुढं तिचं नाव गंगा. दादांनी उपरणं सोडून तेवढं पाहिलं आणि परत बांधलं.

मी खिडकीतून शेतं बघत होतो. तिकडची शेती म्हणजे पायऱ्या. डोंगराच्या पायथ्यापासून ढगापर्यंत पायऱ्या, प्रत्येक पायरीला दगडी ताल, आणि पायरी रुंद किती, तर एक नांगर वळेल न वळेल. काही तर आमच्या खळ्याएवढी. बैल बुटके, वासरासारखे. खाली ऋषिकेशच्या अंगाला गहू काढून झाला होता. जसं वर जावं तसा गहू पिवळा, मग ओंबीला आलेला, मग हिरवागार. आमच्याकडं गहू फाल्गुनात निघतो. बसमधून एका दिवसात आम्ही फाल्गुनातून पौषात माघारी गेलो. नाचणीला ते मंडुवा म्हणतात. झंगोरा म्हणजे आपल्या भगरीचा भाऊबंद. माणसं तिकडं अन्नाला दुसऱ्या नावानं हाक मारतात एवढंच.

रुद्रप्रयागजवळ क्लीनरनं एक जागा दाखवली. जिम कॉर्बेट साहेबानं १९२६ साली नरभक्षक बिबट्या मारला ती. त्या बिबट्यानं सव्वाशेवर माणसं खाल्ली होती. पोरांनी दहादा विचारून घेतलं. आम्हाला ती लांबची गोष्ट वाटली. आज आमच्याच पट्ट्यात बिबटे उसात पिलं घालतात आणि रात्री पाण्याला जायचं तर हातात फटाके लागतात. तेव्हा मात्र बिबट्या म्हणजे साहेबाच्या काळातला.

कर्णप्रयागच्या पुढं रस्ता बंद. दरड आली होती. दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग, मधे बुलडोझर. चार तास. बायकांनी रस्त्याच्या कडेला तीन दगड मांडले, काटवट काढली, आणि बाजरीची भाकरी थापली. त्या दिवशी काटवटीबद्दल मी जे जे बोललो होतो ते परत घेतलं. ड्रायव्हरनं ठेच्याशी दोन भाकरी खाल्ल्या आणि डोळे पुसत तिसरी मागितली.

चहाच्या टपरीवर एक म्हातारबा भेटले. डोक्यावर काळी टोपी, हातात विळा. माझ्या मोडक्या हिंदीत मी विचारलं, बाबा, शेत कुठलं? त्यांनी विळ्यानं दाखवलं. एक तुकडा नदीकाठी, एक मधे, एक पार वर देवदाराखाली. आणखी दोन पलीकडच्या डोंगरावर. मी म्हणालो, असं विस्कटलेलं का? एका जागी घेतलं तर सोपं नाही का पडणार? ते म्हणाले, आम्ही चार भाऊ. बापानं वाटणी केली तेव्हा नदीकाठच्या पाण्याच्या रानाचे चार तुकडे केले, मधल्याचे चार आणि वरच्याचे चार. एकालाच सगळं पाणी आणि एकालाच सगळा दगड, असं कसं चालेल? मी म्हणालो, पण चालून पाय मोडतात. म्हातारबा हसले. "पैर टूटते हैं," ते म्हणाले, "घर नहीं टूटता."

दादा माझ्यामागं उभे होते. कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. हिंदी त्यांना माझ्याइतकीच येते.

पुस्तकात वाचलं की अशा तुकड्यांनी तिकडची शेती परवडत नाही, चकबंदी करावी म्हणून सरकार आणि शहाणी माणसं सांगत आली आहेत, आणि ते खरंच आहे. वरच्या तुकड्याला शेण न्यायचं ते बाईनं पाठीवर. पण ते सगळं मी नंतर वाचलं.

त्या रात्री नंदप्रयागला धर्मशाळेत मुक्काम. दुसऱ्या दिवशी जोशीमठ. तिथं गेट असायचं. अमुक वेळेला वर जाणाऱ्या गाड्या सोडायच्या, मग त्या पोचल्या की खाली येणाऱ्या, कारण पुढं रस्ता एकाच गाडीचा. आमचा नंबर येईपर्यंत आत्यानं नृसिंहाच्या देवळातून माहिती आणली. सहा महिने बर्फ पडतो, बद्रीनाथाचं देऊळ बंद करतात, तेव्हाची पूजा इथं जोशीमठात होते. वर देऊळ बंद असताना तिथं देव पूजा करतात, असं लोक मानतात.

"म्हंजी सहा म्हैने मानसाचं, सहा म्हैने देवांचं," आत्या म्हणाली. "देवानं बी वाटनी केलीय, वैनी."

आई म्हणाली, "केली. पन देऊळ एकच ठिवलं."

हनुमान चट्टीच्या वर रस्त्याच्या कडेला बर्फ आला. पुरुषभर उंचीच्या मळकट भिंती. पोरांनी बस थांबवायला लावली. बर्फ म्हणजे आम्हाला ठाऊक तो आइसकांडीवाल्याच्या पेटीतला. पोरांनी मुठी भरल्या, खाल्ला, एकमेकांच्या पाठीत घातला. बापूनं गोरखसाठी पिशवीत घेतला. जोशीमठ परत येईपर्यंत त्याचं पाणी झालं. ते पाणी बापूनं इमानानं घरी आणलं, आणि गोरखनं ते म्हशीच्या पाटीत ओतलं.

दुपारनंतर बद्रीनाथ. दहा हजार फुटांच्या वर. थंडी अशी की आमच्या घोंगड्या कागदासारख्या वाटल्या. आईला दम लागला. चार पावलं टाकायची आणि बसायची, पदरात कापूर. दादांनी तिला पाठीवर घेतली. अलकनंदेवरचा पूल ओलांडताना आई त्यांच्या पाठीवरून खाली बघत होती आणि दादा सरळ समोर. तप्तकुंडाचं पाणी मात्र चुलीवरून उतरवल्यासारखं. बाजूला बर्फाची नदी आणि कठड्याच्या आत वाफा. आई त्यात उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा पाहिलं नाही. दर्शन दोन क्षणांचं झालं. मुख्य पुजाऱ्याला तिथं रावळ म्हणतात आणि ते पार केरळातले नंबुद्री ब्राह्मण असतात, हे ऐकून तिला फार बरं वाटलं. म्हणाली, "आपल्यापरीस लांबनं आलाय लेकरू."

आता खरी गोष्ट.

देवळाच्या पलीकडं अलकनंदेच्या काठाला ब्रह्मकपाळ म्हणून सपाट खडक आहे. तिथं पितरांचे पिंड देतात. आप्पांचा पिंड द्यायचा हे आम्ही घरूनच ठरवलेलं. आत्याचा तर जीवच त्यात होता. १५ तारखेला सकाळी आम्ही तिघं भाऊ सोवळ्यात, म्हणजे धोतर आणि वर घोंगडं, खडकावर बसलो. दात वाजत होते. पंडितजी म्हातारे, स्वभावानं गरीब. भाताचे पिंड समोर आले. सुरू करायच्या आधी त्यांनी समजावून सांगितलं, की इथं पिंड दिला की पितर मोकळे. मग पुन्हा घरी श्राद्ध करायची गरज राहत नाही. हे शेवटचं.

आई मागं दगडावर बसली होती, सुनांच्या मधे. तिनं मला विचारलं, "काय म्हनले?"

मी सांगितलं.

"म्हंजी पंचमीचं पित्र?"

भाद्रपदातल्या पंचमीला आमच्याकडं आप्पांचं पित्र असतं. मी पंडितजींना विचारलं. ते म्हणाले, नाही करायचं.

आई जरा वेळ पाण्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "उठा."

आम्हाला वाटलं तिला दम लागला. वहिनी कापूर शोधायला लागल्या. "मला काय झालं न्हाय," आई म्हणाली. "पिंड नगं. उठा तिघंबी."

दादा चिडले. "आई, एवढ्या लांब ह्याच्यासाठी आलो. पाटल्या मोडल्या."

"मी बद्रीला आले. बद्री झाला. पाटल्या माझ्या व्हत्या."

आत्या उभी राहिली. एवढी मवाळ बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला. "वैनी, माझा भाऊ अडकून ऱ्हाईल. तुमाला कळतंय का? दारापोतर आनून माघारी न्यायचा त्याला?"

आई म्हणाली, "अडकू द्या. वर्सातनं एकदा जेवायला यील."

आत्या रडायला लागली. आई रडली नाही. दादांकडं, माझ्याकडं, बापूकडं एकेकदा बघून तिनं सांगितलं, "वाटनी झाल्यावर तुमाला तिघांना एका वळीत बसवायला माझ्यापाशी दुसरं काय ऱ्हाईल? पोळा ज्याचा त्याचा. दिवाळी ज्याची त्याची. बापाचं पित्र तेवढं तिघांचं हाय. तेवढं एक राहू द्या."

पंडितजींना मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी कळलं असावं. त्यांनी पिंडाचं पान बाजूला सारलं आणि म्हणाले, नुसतं पाणी द्या, तीळ आणि पाणी. त्याला काही बंधन नाही. आईनं पिशवीतून विहिरीच्या पाण्याची बाटली काढून दिली. दादांनी माझ्या ओंजळीत ओतलं, मी बापूच्या, बापूनं दादांच्या. विहिरीचं पाणी बर्फासारखं गार झालं होतं. दक्षिणा ठरल्याप्रमाणे पूर्ण दिली.

आत्या आईशी परतीच्या वाटेवर बोलली नाही. हरिद्वारला नाही, दिल्लीला नाही. इटारसीला आईनं तिच्यापुढं चहा धरला, तो तिनं घेतला, एवढंच. आत्याचं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. तिचा भाऊ होता तो. त्याला सोडवायला ती दहा हजार फूट चढून आली होती आणि आम्ही त्याला आमच्या भांडणासाठी माघारी आणला. मरेपर्यंत तिनं हे मनात धरलं होतं आणि तरी दर पंचमीला पहाटे उठून वडे तीच तळायची.

उतरताना दादांनी डोळे बांधले नाहीत. खिडकीशी ते बसले. पीपलकोटीच्या आसपास म्हणाले, "दोन एकराच्या तीन पट्ट्या केल्या तर रुंदीला काय बसंल?"

सहा महिन्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

मी बोटं मोजून सांगितलं. ते म्हणाले, "नांगर वळवायला आवघड जाईल."

मी म्हणालो, "बांध न घालता फक्त दगड रोवू. नांगर तिन्हीतनं सरळ जाईल."

"मंग पेरा एकच करावा लागंल."

"करू."

घरी आल्यावर मावंदं घातलं, गंगेचं पाणी आईनं विहिरीत ओतलं. वाटणी त्याच वर्षी दिवाळीनंतर झाली. सगळं गोडीत झालं असं लिहिलं तर खोटं होईल. माळाच्या रानावरून बापूचं आणि माझं वाजलं, गोठ्याच्या भिंतीवरून दोन वर्षं धुसफूस होती. तीन पट्ट्यांत एक पेरा हे दहा-बारा वर्षं चाललं, मग बापूनं डाळिंब लावलं आणि मोडलं. त्याच्या पट्टीला आता तारेचं कुंपण आहे.

आई २००९ साली गेली, आत्या तिच्या आधी तीन वर्षं. पंचमीचं पित्र मात्र आप्पांचं आहे तिथंच आहे, थोरल्याच्या घरी. बापूची पोरं पुण्याहून येतात. गेल्या वर्षी जेवणं व्हायच्या आधी गोरखनं विषय काढला. आता तोही शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा. म्हणाला, "नाना, आता रस्ते झालेत, यंदा दिवाळीच्या आधी आम्ही पोरं बद्रीला जाऊन येतो. आजोबांचा, आजीचा, सगळ्यांचा पिंड एकदाच देऊन टाकू. तुमचीबी वयं झाली, दरसाल हा सुट्ट्यांचा घोळ, एवढा स्वैपाक. मिटवून टाकू."

त्याचं काही चुकीचं नव्हतं. वीस वर्षांचा असताना तो म्हशींपाशी होता, खडकावर नव्हता.

दादांना आता कमी ऐकू येतं. "काय म्हनतोय?" त्यांनी मला विचारलं.

मी कानाशी जाऊन सांगितलं.

दादा कावळ्याचं पान वाढत होते. खीर, कढी, वडा, गवारीची भाजी. वडा जरा नीट मधोमध ठेवत ते म्हणाले, "त्याला म्हनावं जरूर जा. बर्फ बघ, कुंडात आंघूळ कर. पिंडाचं नाव काढायचं न्हाय. आन म्हशींची काळजी करू नगं, आमी दोघं हाये."

मग पान घेऊन ते जिना चढायला लागले. गुडघे धरलेत त्यांचे, म्हणून मी मागून कंबरेला हात दिला. वर स्लॅबवर कावळा आधीच येऊन बसला होता.